वन्सं, ते रुप्याचं पदक

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले, वन्सं. काल इंदूरहून टपालानं वर्तमानपत्र आलं. त्यात तुमच्यावर पाच ओळी आहेत. धारच्या जनाना दवाखान्यातल्या सुईणबाई, प्लेगात रयतेची सेवा केली, सरकारनं कैसर-ए-हिंद पदक देऊन गौरव केला, काही दिवसांच्या आजारानं निवर्तल्या. मामंजींनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि ‘पदक’ या शब्दापाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी कागदाची घडी घातली.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “आणि अमझेऱ्याची बाळंतीण कशी आहे, ते कुठं लिहिलंय?” म्हणून आधी तेच सांगते. ती बरी आहे. मूलही बरं आहे. तिच्या सासऱ्यानं मुद्दाम माणूस पाठवून कळवलं. तुम्ही गेल्याचं त्या माणसाला इथं आल्यावर समजलं, तर ओसरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.

मी देवासहून लग्न होऊन या घरी आले तेव्हा बारा वर्षांची होते. सासूबाई नव्हत्या. तुम्ही वीस-एकवीसच्या असाल. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, इंदूरच्या इस्पितळात दोन वर्षं सुईणीचं शिकून नुकत्याच परतलेल्या. पांढरं पातळ, डोक्यावर आखूड वाढलेले केस. ते केस तुम्ही इंदूरला वाढवलेत, म्हणून आळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला आपल्या घरी यायचं सोडलं होतं. मामंजी तुम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्या बायकांनाही बोलले नाहीत. मला तुमची भीती वाटायची. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, “वहिनी, तुमच्या देवासात म्हणे रस्त्याच्या या कडेला एका महाराजांचा दिवा आणि त्या कडेला दुसऱ्यांचा? मग मधल्या खड्ड्यात पडलेल्या माणसाला उचलतं कोण?” मी म्हटलं, “माझे वडील धाकट्या महाराजांच्या पातीचे, आम्ही आमच्या बाजूचाच पाय उचलतो.” तुम्ही इतक्या हसलात की मामंजी आतून बघायला आले. त्या दिवसापासून मला या घरात माणूस मिळालं.

प्लेगचं साल आलं तेव्हा आपली इंदू सात वर्षांची होती. हे मोजणीच्या कामावर कुक्षीला होते आणि तिकडचा रस्ता बंद झाल्यानं तिथंच अडकले. गावात उंदीर पडू लागले. तळ्यापलीकडच्या माळावर दरबारनं छावणी बांधली, तट्ट्यांच्या झोपड्यांची. ज्या घरात गाठ निघेल तिथलं आजारी माणूस छावणीत न्यायचं, बाकीच्यांना वेगळ्या झोपड्यांत ठेवायचं, घर रिकामं करून वरची कौलं काढायची आणि आत ऊन सोडायचं, असा हुकूम. बायकांच्या बगला-जांघा पुरुष डॉक्टरांना कोण बघू देणार? म्हणून घरोघर तपासायचं काम तुमच्याकडे आलं. रोज सकाळी दोन शिपाई घेऊन तुम्ही निघायच्यात. कुणी दारं लावून घ्यायचं, कुणी शिव्या द्यायचं. एका म्हातारीनं तुमच्या अंगावर राख फेकली होती, ती मीच तुमच्या केसांतून धुतली.

गेंदाबाई माळीण धारेश्वराच्या देवळापाशी फुलं घेऊन बसायची, आपल्या घरी रोज सकाळी पुडी टाकायची. तिची सुगना इंदूच्याच वयाची. दोघी आपल्या अंगणात सागरगोटे खेळायच्या. त्या सुगनाला ताप भरला आणि गेंदाबाईनं तिला फुलांच्या रिकाम्या टोपल्यांमागं लपवलं. तुम्ही टोपल्या बाजूला केल्यात. ते सगळं तुम्हीच मला त्या दुपारी सांगितलंत, न जेवता, ताटावर बसून. गेंदाबाई तुमच्या पायांत आडवी पडली होती. “बई, म्हारी छोरी के मत लई जाओ.” तुम्ही तिला उठवून म्हणालात, “मी आहे ना तिथं. माझ्या घरची पोर असती तरी हेच केलं असतं.” मग तिनं पोर तुमच्या हातात दिली. तिच्या कडेवर अंगावर पिणारं तान्हं होतं, म्हणून तिला घरच्यांच्या झोपड्यांत, लांबच्या टोकाला ठेवलं. सुगना तिसऱ्या दिवशी गेली.

चौथ्या दिवशी इंदूला थंडी वाजली.

मी तिचं अंग पुसायला म्हणून पोलकं काढलं, तर डाव्या बगलेत सुपारीएवढी गाठ. तुम्ही छावणीतून येऊन अंगणात हातपाय धूत होतात. मी तुम्हाला आत ओढलं, दार लावलं, आणि गेंदाबाईनं जे केलं तेच केलं. तुमचे ओले पाय धरले. “वन्सं, माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला. तिथं गेलेलं पोर परत आलेलं मी पाहिलं नाही.” तुम्ही म्हणालात, “तीन आलीत, वहिनी. तीन आलीत परत.” मी म्हटलं, “सुगना आली का?”

हा प्रश्न मी तुम्हाला विचारला. त्याबद्दल मी तुमची क्षमा कधी मागितली नाही. आज मागते.

तुम्ही इंदूला उचलून माडीवर नेलंत, खिडक्या लावल्यात, खाली येऊन मामंजींना म्हणालात, “अण्णा, इंदू देवासला आजोळी गेली आहे. कुणी विचारलं तर.” मामंजी उभ्या आयुष्यात खोटं बोलले नव्हते, निदान आमची तशी समजूत होती. ते म्हणाले, “कालच गेली.” आणि पोथी उघडून बसले.

नऊ दिवस. तुम्ही सकाळी माडीवर जाऊन गाठ शेकायच्यात, लेप बदलायच्यात, खाली येऊन लुगडं उकळत्या पाण्यात टाकून दुसरं नेसायच्यात, आणि शिपाई घेऊन दुसऱ्यांची घरं तपासायला जायच्यात. आपलं घर कुणी तपासलं नाही. तपासणारीचं घर कोण तपासणार? संध्याकाळी दवाखान्याच्या तक्त्यावर आपल्या आळीच्या रकान्यात तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायच्यात, आजारी कोणी नाही. सहाव्या दिवशी गाठ फुटली. नवव्या दिवशी इंदूनं भात मागितला. मी आनंदानं रडत होते आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होतात. तुमच्या तोंडावर आनंद नव्हता, हे मला दिसत होतं. मी ते पाहिलं न पाहिलंसं केलं.

त्यानंतर आठेक दिवसांनी शेजारचे जोशीकाका गेले. आपल्या घरामुळं गेले की त्यांच्या कोठारातल्या उंदरांमुळं, ते देवाला ठाऊक. तुम्ही एकदाच म्हणालात, “वहिनी, मधली भिंत एकच आहे.” मी म्हटलं, “उंदीर साऱ्या गावात आहेत.” पुन्हा तो विषय आपण काढला नाही.

प्लेग उतरला. हे कुक्षीहून आले. त्यांना सांगितलं, इंदूला साधा ताप येऊन गेला. बगलेतल्या व्रणाला गळू म्हटलं. आणि दीड-एक वर्षानं, नव्या सालाच्या सरकारी मानाच्या यादीत तुमचं नाव आलं.

मामंजींना किती आनंद झाला होता! त्यांचं सारं आयुष्य दरबारच्या दफ्तरात गेलेलं, मानपानाचे कागद तोंडपाठ. त्या दिवशी त्यांनी इंदूला मांडीवर घेऊन सगळा इतिहासच सांगितला. पूर्वी मोठं काम केलं की शेला-पागोटं मिळे, त्याहून मोठं केलं तर पालखी, अबदागीर, एखादं गाव इनाम. मग इंग्रजांचा अंमल आला, गावं द्यायची गेली आणि नावामागं लावायच्या पदव्या आल्या, रावसाहेब, रावबहादूर. पण ते सारं हुद्देदारांसाठी. आणि हे पदक मात्र विलायतेच्या थोरल्या राणीसाहेबांनी आपल्या शेवटच्या वर्षांत काढलं. बाई की पुरुष, जात कोणती, हुद्दा कोणता, काही पाहायचं नाही, लोकांची सेवा तेवढी पाहायची. सोन्याचं थेट विलायतेहून ठरतं आणि रुप्याचं इथले बडे लाटसाहेब देतात. “आपल्या सात पिढ्यांत बाईला तिच्या स्वतःच्या नावानं मान मिळाला नाही, इंदे. नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावानं मिळायचा. तुझ्या आत्याला तिच्या नावानं मिळतोय.” तुम्ही दारात उभ्या होतात. इंदूनं विचारलं, “आत्याला कशाबद्दल मिळतोय?” तुम्ही पाणी आणायला निघून गेलात.

दरबाराच्या दिवशी आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड होतो. इंग्रज सरकारचे एजंटसाहेब आले होते, त्यांची मडमही. इंग्रजी कागद वाचून झाला, मग दिवाणजींनी त्याचं मराठी करून वाचलं. त्यात होतं की या बाईंनी गरीब-श्रीमंत पाहिलं नाही, आपलं-परकं पाहिलं नाही, नियम सर्वांना सारखा लावला. इंदूचा हात माझ्या हातात होता. मी इतका घट्ट दाबला की ती “आई, दुखतं” म्हणाली. मडमेनं पुढं होऊन तुमच्या पांढऱ्या पदरावर गडद निळ्या फितीचं ते रुप्याचं पदक टाचलं. मागच्या बाजूला कुणीतरी कुजबुजलं, “विधवेच्या अंगावर दागिना चढवला गं साहेबानं.” तुम्ही मान खाली घालून उभ्या होतात. सगळ्यांना तो विनय वाटला.

दरबाराचे हार गेंदाबाईनं केले होते. हे मला ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नसावं. बाहेर टांग्यापाशी ती हातात एक वेगळा हार घेऊन उभी होती, मोगऱ्याचा. विधवेला हार घालत नाहीत म्हणून तो तिनं तुमच्या हातांवर ठेवला. म्हणाली, “बई, चोखो हुयो. म्हारी छोरी गई, पण न्याव तो सबको एक सरीको हुयो.” तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पाणीही नव्हतं. ती खरंच तुमचं अभिनंदन करायला आली होती. टांगा चौकाबाहेर जाण्याआधी तुम्ही पदक काढलंत. फीत पदरात अडकली होती, ती ओढताना पातळाला भोक पडलं.

पुढं आपण सहा महिने भांडलो, वन्सं. इतर कुणाला कळू न देता, तांदूळ निवडताना, पडद्याला टाके घालताना. तुम्हाला ते पदक परत करायचं होतं. एजंटसाहेबांच्या नावानं तुम्ही पत्रही लिहिलंत, मोडीत, आणि त्याचं इंग्रजी करून द्यायला ह्यांना सांगणार होतात. मी ते पत्र तुमच्या हातून घेतलं.

मी म्हटलं, “परत करायचं तर कारण विचारतील.”

“मग सांगेन.”

“तुमची नोकरी जाईल. ह्यांची जाईल. मामंजींना या वयात चौकशीला बोलावतील.”

“जाऊ दे नोकरी.”

“आणि गेंदाबाई? तिचा आधार तेवढाच आहे, वन्सं. सगळ्यांना सारखं झालं, एवढ्यावरच ती उभी आहे. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या पायाखालची वीट काढायची?”

यावर तुम्ही सूप ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागलात. मला वाटलं, मी जिंकले. आठ दिवसांनी भाकऱ्या थापताना तुम्ही तव्याकडे बघत म्हणालात, “वहिनी, ती वीट मी ठेवलेली आहे, आणि ती खोटी आहे. त्यावर तिला उभं करून मी वर सरकारचा मान घेते आहे.” पत्र मी आधीच चुलीत घातलं होतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत.

गेंदाबाईच्या बाजूनं जायला नको म्हणून पाच वर्षं तुम्ही दवाखान्यात लांबच्या रस्त्यानं गेलात. सुगना गेल्यापासून तिनं आपल्या घरी पुडी टाकणं सोडलं होतं, पण मी मात्र तिच्याकडे जात होते. फुलं घेत होते, तिच्या धाकट्याची विचारपूस करत होते. माझ्यात ते धैर्य होतं असं समजू नका. मला नुसती सवय झाली होती.

आणि त्याच पाच वर्षांत तुम्ही किती बायकांना बाळंतपणातून सोडवलंत! भिल्लांच्या पाड्यांवर गेलात, जिथं बैलगाडीही जात नाही. इंदूला वाचायला शिकवलंत, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी जगते की नाही असं झालं तेव्हा सारा दिवस माझ्या उशाशी बसून राहिलात. मला जे आहे ते तुमच्यामुळं आहे. हे मनात आलं की लगेच दुसरं येतं, की तुमच्या छातीवर जो दगड होता तो मी ठेवला होता. पहिलं आठवताना दुसरं बाजूला ठेवता येत नाही मला.

अमझेऱ्याहून तुम्ही आलात त्या अवकाळी पावसात भिजून, छातीत घरघर घेऊनच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं. मी तुमच्याजवळून हलले नाही. मला वाटत होतं, आता बोलाल. तुम्ही बोलायच्यात, पण कसलं? दवाखान्यातली कात्री धार लावायला दिली आहे, ती आणा. अमझेऱ्याच्या बाळंतिणीला दहाव्या दिवसापर्यंत हिंडू देऊ नका. अण्णांची चादर पातळ आहे. पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत, आणि मीच म्हटलं, “वन्सं, बोलू नका, धाप लागेल.” मीच तुम्हाला गप्प केलं. संध्याकाळी तुम्ही गेलात.

इंदू सासरहून आली आहे. तेरा वर्षांची झाली, उंचीला तुमच्यावर गेली आहे. काल वर्तमानपत्र वाचून तिनं विचारलं, “आई, आत्या ते पदक पुन्हा एकदाही का लावत नव्हती?” मी सांगून टाकलं. सगळं. तिला माडी आठवत होती, बंद खिडक्या आठवत होत्या, आजारपणाला देवास का म्हणत होते ते तेवढं कळलं नव्हतं. ती खूप वेळ आपल्या बगलेवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “गेंदाबाईला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “कुणी नाही.” ती उठली आणि पायात वहाणा घालू लागली. मी आवरत होते, तिनं ऐकलं नाही. शेवटी मीही गेले. हे सांगणं बरोबर की चूक, मला अजूनही उमगलेलं नाही. तुम्ही असतात तर कदाचित याच वेळी तुम्हीच ‘नको’ म्हणाला असतात.

गेंदाबाई हार ओवत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं. तिची सुई चालत होती. एक-दोनदा फूल सुटून खाली पडलं, ते तिनं उचललं नाही. माझं संपल्यावर तिनं पहिल्यांदा इंदूकडे पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“कित्ता बरस री हुई?”

“तेरा,” इंदू म्हणाली.

गेंदाबाईनं मान हलवली. आपल्या मनाशी काहीतरी जुळवल्यासारखी. मला वाटलं आता शाप देईल, हार तोंडावर फेकेल. मी त्याचीच वाट पाहत होते, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. तिनं तसं काही केलं नाही. हातातला दोरा तिनं मांडीवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात, एखादी साधी चौकशी करावी तसं विचारलं,

“बई, म्हने तो वां जावा नी द्यो थो. म्हारी सुगना ने आखर में पाणी मांग्यो थो कईं? म्हारो नाम लियो थो?”

तिला तिथं जाऊ दिलं नव्हतं. झोपडीत सुगनापाशी शेवटी तुम्ही एकट्या होतात. हे तिला सहा वर्षं विचारायचं होतं, आणि तुम्ही त्या रस्त्यानं येत नव्हतात.

मी म्हटलं, “मला ठाऊक नाही.”

वन्सं, आपण त्या पदकावर इतकं भांडलो. नोकरी, चौकशी, न्याय, सगळं बोलून झालं. पण सुगना जाताना काय म्हणाली, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.